संकेतस्थळाची मालकी कोणाची?

बारामती-इंदापूरचा शेतकरी नीरा डावा कालवा १८८५ पासून ओळखतो. कालवा एकदाच खोदला जातो. चाऱ्यांतील गाळ मात्र दरसाल काढावा लागतो. संघटनेच्या संकेतस्थळाचेही तसेच आहे. त्याचे नाव एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर नोंदले, तर तो दुरावल्यावर मुदत संपल्याची सूचना कोणालाच मिळत नाही; उसाचे दर, पाण्याच्या पाळ्या सांगणारे स्थळ एके दिवशी बंद पडते. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे असावी, नूतनीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, पासवर्ड दोघा जबाबदार व्यक्तींकडे असावेत, मजकुराची प्रत दरमहा अन्यत्र जपावी. प्रत्येक सूचनेवर तारीख हवी. जुनी पाळी वाचून शेतकरी फसतो. सर्वांच्या वर्गणीतून उभे राहिलेले साधन सर्वांच्याच मालकीचे राहिले पाहिजे.