रेडिओवरची रात्र आणि आपला वाटा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज आम्ही रेडिओवर बोलणार आहोत. काहींना वाटेल, विहारात हा विषय कामून? तर आकाशवाणीचं ब्रीदवाक्य आठवा : 'बहुजनहिताय बहुजनसुखाय'. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेला पाठवताना वापरलेले हे शब्द. ते ब्रीद आपल्या वस्तीत खरं झालं का, एवढंच पाहायचं आहे.

नांदेडला आकाशवाणीचं केंद्र आलं १९९१ साली. त्याआधी नांदेड-लातूरकडच्या माणसाला दिवसा परभणी नाहीतर औरंगाबाद. रात्र झाली की मात्र मुंबई, पुणे, हैदराबाद सगळे दारात! मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याहून वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो मैल लांब उतरतात. मधूनमधून खरखर यायची, आवाज दूर जायचा, परत यायचा. तरी लोक कान लावून बसत.

शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. तो १९५२ साली सुरू झाला. त्याच साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले होते. त्यांनी रेडिओवरची सिनेमाची गाणी कमी केली, म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले, हेही खरं. पण शास्त्रीय गाणं तोवर कुठं होतं? वाड्यातल्या बैठकीत, देवळाच्या सभामंडपात, नाहीतर तिकिटाच्या संमेलनात. या तिन्ही ठिकाणी आपल्या आई-बापाला कोण बसवून घेणार होतं? ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीत असायचा आणि आम्ही पायरीखाली. सूर मात्र पायरीपाशी थांबत नव्हता! पुढं वस्तीत एखादा ट्रान्झिस्टर आला, त्याचं लायसन पोस्टात काढलेलं असायचं, आणि मग चावडीची गरजच राहिली नाही. आमच्या मते ही लहान गोष्ट नव्हे. राग कळत नव्हता, तरी त्या घरात दिवसभर खुरपून आलेल्या बाया भिंतीला टेकून ऐकत बसत.

गंगुबाई हनगल यांचंच घ्या. जन्म धारवाडचा, १९१३चा. देवदासी परंपरेतल्या घराण्यातल्या म्हणून लहानपणी शेजारपाजाऱ्यांचे टोमणे त्यांनी सोसले. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आगगाडीनं जाऊन शिकल्या. रेडिओवरून त्या गायल्या तेव्हा ऐकणाऱ्यापुढं फक्त तो भारदस्त आवाज होता. आपल्या नांदेडात जन्मलेले पं. नाथराव नेरळकर थेट ख्यालगायक झाले. म्हणजे ही माती गाण्याला परकी नाही.

नाटकाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५६चा. एका भाषेतलं नाटक इतर भाषांत उतरवून लावायचे. पडदा नाही, वेशभूषा नाही, नुसत्या दरवाज्याच्या कुरकुरीवर वाडा उभा राहायचा. आमची म्हातारी माणसं नाटकातल्या सासूला मोठ्यानं शिव्या घालत, ते मात्र नाटकाहून रंगायचं.

त्याच सालापासून सर्वभाषा कविसंमेलन सुरू झालं. २५ जानेवारीच्या रात्री, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, निरनिराळ्या भारतीय भाषांतल्या कविता आणि त्यांचे अनुवाद ऐकू येत. भाषा कळो न कळो, बंगालीचा हेल, तमिळचा ठेका आमच्या कुडाच्या घरात शिरायचा. बाबासाहेबांनी घटनेत बंधुता हा शब्द घातला, त्याचा अर्थ आम्हांला पुस्तकाआधी या रात्री थोडाफार उमगला. ३ ऑक्टोबर १९५४ला बाबासाहेब स्वतः आकाशवाणीवर बोलले होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं फ्रेंच क्रांतीतून उसनी घेतली नसून बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली, हे त्यांनी तिथं सांगितलं.

आता दुसरी बाजू. १९४०पासून १९७१पर्यंत रेडिओनं हार्मोनियमला बंदी घातली होती! आपल्या शाहिराची, गायनपार्टीची पेटी जवळजवळ तीस वर्षं त्या दारात अडली. बहुजनांच्या सुखाचं ब्रीद आणि बहुजनांचं वाद्य बाहेर, हे कोडं आम्हांला सुटलेलं नाही.

आपली तरुण मुलं म्हणतात, ते संगीत आपलं नव्हे, आपली भीमगीतं पुरेत. वामनदादांचं गाणं आमच्याही ओठावर आहे. पण ज्या दारातून हाकललं ते दार रेडिओनं उघडल्यावर आपण होऊन बाहेर बसायचं, हे पटत नाही. वामनदादाही ऐकू आणि गंगुबाईही ऐकू.

म्हणून समितीपुढं एक सूचना ठेवतो. आता खरखरीचा सेट लागत नाही. आकाशवाणीची 'रागम' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६ साली सुरू झाली, ती मोबाईलवर ऐकता येते. महिन्यातून एका शनिवारी, वंदना झाल्यावर, याच सभागृहात तासभर ऐकत बसू. एक महिना गाणं, एक महिना श्रुतिका, एक महिना कविता. आणि कवितेच्या रात्री आपल्या पोरापोरींनी स्वतःच्याही वाचाव्यात. स्पीकर आम्ही आणतो. सतरंज्या समितीनं टाकाव्यात. चहाचं महिला मंडळावर ढकलू नये, तो या वेळी पुरुषांनी करावा.

जय भीम. नमो बुद्धाय.