समाजसमूहांचा अभ्यास : एक विद्यापीठीय पदवी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून प्रथमच जात असेल. अमेरिकेतील विद्यापीठांत 'एथ्निक स्टडीज' या नावाची एक पदवी मिळते. मराठीत तिला अद्यापि रूढ प्रतिशब्द नाही. 'वंशशास्त्र' म्हणावे, तर कवट्या मोजण्याची जुनी विद्या डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्या इरावती कर्वे ती विद्या शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या आणि कवटीच्या ठेवणीवरून वंशाची श्रेष्ठता ठरत नाही, असे आपल्या प्रबंधात मांडून परत आल्या. 'जातिशास्त्र' म्हणावे, तर विषयाचा संकोच होतो. म्हणून आजच्यापुरते मी त्यास 'समाजसमूहांचा अभ्यास' म्हणेन.

या विषयाचा जन्म पंडितांच्या परिषदेत झाला नाही. तो संपातून झाला. 6 नोव्हेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, चिनी, जपानी, फिलिपिनो आणि मूळ अमेरिकन अशा घरांतील ही मुले. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते. ज्यांनी मळ्यांत घाम गाळला, रेल्वेचे रूळ टाकले, युद्धांत प्राण दिले, त्या आमच्या आजे-पणजांचा तुमच्या इतिहासाच्या पुस्तकांत पत्ता नाही. तो इतिहास शिकविणारा विभाग हवा, शिकविणारे आमच्यांतील हवेत आणि आमच्या वस्त्यांतील मुलांना प्रवेश हवा.

संप मार्च 1969 पर्यंत चालला. पोलिसांचा मार पडला, शेकडोंना अटक झाली. मौज अशी, की या संपाला तोंड देण्यासाठी नेमलेले हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा हे स्वतः जपानी मातापित्यांचे पुत्र आणि भाषेच्या अर्थविचारातील नामांकित विद्वान. विद्यार्थ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढून त्यांनी तारा उपटल्या. त्या प्रसिद्धीचा लाभ होऊन पुढे ते अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. समाजातील माणूस वर चढला म्हणजे तो समाजाच्याच बाजूने बोलेल, असे आपण येथे धरून चालतो. ते तितकेसे खरे नाही, एवढेच नमूद करून पुढे जातो. तडजोडीअन्ती 1969 च्या शरद ऋतूत त्या महाविद्यालयात या विषयाची स्वतंत्र शाखा उघडली. त्याच वर्षी बर्कली येथेही तशाच संपानंतर विभाग स्थापन झाला.

आता या अभ्यासक्रमात शिकवितात तरी काय? व्याख्या सांगत बसण्यापेक्षा एक खटला सांगतो. तो आपल्या देशबांधवांचा आहे, आणि तुम्हां-आम्हांला अंतर्मुख करणारा आहे.

अमेरिकेत 1790 च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी केवळ 'गोऱ्या' स्वतंत्र व्यक्तींस नागरिकत्व मिळे. 1870 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांस ते खुले झाले. मधल्यांचे काय, हा प्रश्न राहिला. नोव्हेंबर 1922 मध्ये ताकाओ ओझावा नावाच्या जपानी गृहस्थाचा अर्ज तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कातडीचा रंग कितीही उजळ असो, शास्त्राच्या दृष्टीने हे 'कॉकेशियन' नव्हेत, असा निर्णय. त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1923 मध्ये, भगतसिंग थिंद यांचा खटला निघाला. थिंद हे पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. त्यांच्या बाजूने मांडण्यात आले, की शास्त्रच प्रमाण असेल तर उत्तर हिंदुस्थानातील उच्चवर्णीय मनुष्य हा आर्य, म्हणजेच कॉकेशियन होय. एवढ्यावर युक्तिवाद थांबला नाही. आमच्याकडील उच्चवर्णीय लोक खालच्यांशी सोयरीक करण्यास तितकेच नाखूष असतात, जितके तुम्ही निग्रोंशी, असाही दाखला त्यांत दिलेला आहे. न्यायालयाने ओझावांच्या वेळचे शास्त्र बाजूला ठेवले आणि सांगितले, की सामान्य गोरा माणूस ज्यास गोरा समजतो, तोच गोरा. न्यायमूर्तींत मतभेद झाला नाही.

आपल्या जातीचे उच्चपण दाखवून परक्याच्या दारी मान मिळेल, ही आशा त्या दिवशी संपली. तिची किंमत मोठी पडली. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते, अशा कित्येक हिंदी लोकांचे ते काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी 1928 मध्ये आत्महत्या केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही सरकारने फिर्याद केली. पण नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली केली, घर केले, संसार मांडला, आता ते काढून घेणे अन्यायाचे आहे, असे सांगून त्यांनी 1926 मध्ये आपला दावा जिंकला. पंडितांच्या जिंकण्यानंतर इतरांवरील फिर्यादींचा जोर ओसरला. कायदा बदलण्यास मात्र 1946 साल उजाडले, आणि तेव्हाही वर्षाला शंभर हिंदी माणसांचीच मर्यादा घातली गेली.

या पदवीचा विद्यार्थी असे खटले मूळ कागदांवरून वाचतो. जनगणनेतील रकाने कोणी पाडले आणि का बदलले, हे तपासतो; वृद्धांच्या मुलाखती घेऊन टिपून ठेवतो; एका समूहाची हकिकत दुसऱ्याच्या हकिकतीशेजारी ठेवून पाहतो. 'एशियन अमेरिकन' हा शब्ददेखील 1968 मध्ये बर्कलीतील युजी इचिओका व एमा गी यांनी प्रचारात आणला; त्यापूर्वी चिनी तो चिनी आणि जपानी तो जपानी होता. तेथील प्राध्यापक रोनाल्ड ताकाकी यांनी आशियाई लोकांचा जो इतिहास 1989 मध्ये लिहिला, त्यात मळ्यांतील मजुरांचे बोलणे गव्हर्नरांच्या पत्रांइतक्याच आदराने घेतलेले आहे.

आपल्याला हे सारे अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. मे 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. वर्ग स्वतःची दारे लावून घेतो तेव्हा जात होते, आणि ते दार म्हणजे जातीतल्या जातीत विवाह, हे त्या निबंधाचे सार. आपल्या मंडळाचे वधूवर-सूचक केंद्र दर रविवारी सकाळी उघडते, हे आपण सर्व जाणता. आणि 1901 च्या जनगणनेत रिस्ले साहेबांनी जातींची सामाजिक उच्चनीचता लावण्याचा घाट घातला, तेव्हा आम्हांस वरच्या पायरीवर लिहा, असे अर्ज देशभरातील ज्ञातिसभांनी केले. थिंद यांच्या वकिलांचा युक्तिवाद आणि ते अर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

हा विषय सर्वांना रुचतो, असेही नाही. ॲरिझोना राज्याने 2010 मध्ये कायदा करून टक्सन शहरातील शाळांमधील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास बंद पाडला. मुलांच्या मनांत द्वेष पेरला जातो, हा आरोप. 2017 मध्ये फेडरल न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी ती बंदी वंशद्वेषातून आलेली व घटनाबाह्य ठरविली. हे ताशिमा बालपणी, दुसऱ्या महायुद्धात, त्याच ॲरिझोनातील जपान्यांच्या छावणीत कोंडले गेले होते. उलट, कॅलिफोर्नियाने 2020 च्या कायद्याने आपल्या राज्य विद्यापीठाच्या पदवीसाठी या विषयाचा एक अभ्यासक्रम आवश्यक केला. त्याच राज्य विद्यापीठाने जानेवारी 2022 मध्ये भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. म्हणजे आपण समुद्र ओलांडला, तरी हा प्रश्न सामानाबरोबर आलेला आहे.

आता व्यवहाराचे बोलू. गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाच्या कन्येने या विषयाच्या एम. ए. साठी विद्यानिधीकडे कर्जाऊ शिष्यवृत्ती मागितली. विषय अर्थकरी नाही, या शेऱ्यासह अर्ज परत गेला. शेरा सर्वस्वी निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर तेथे काम करण्यास साधारणतः बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना 2016 च्या नियमाने आणखी चोवीस महिने वाढवून मिळाले, ते या पदवीस नाहीत. शुल्क भारी आहे. या विषयाचे लोक अध्यापन, वकिली, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, ग्रंथालये व संग्रहालये यांत जातात. त्यांतील बहुतेक वाटांना पुढे आणखी एखादी पदवी लागतेच. मुलीने आणि पालकांनी हा हिशेब कागदावर मांडूनच पाऊल टाकावे.

परंतु समितीच्या बैठकीबाहेर, जिन्यावर, जे बोलणे झाले ते शेऱ्यात नव्हते. 'ती शिकेल आणि आपल्याच विरुद्ध लिहील,' हे ते बोलणे. लिहीलही. आपला ज्ञातीचा जो इतिहास मंडळाने छापला आहे, त्यात मूळ पुरुष आहे, कुलदैवते आहेत, रावबहादुरांची छायाचित्रे आहेत. विधवांचे काय झाले, घरी राबणारी माणसे कोणत्या ज्ञातीची होती आणि त्यांना पाणी कोठून मिळे, याविषयी एक ओळ नाही. जे आपण लिहिले नाही ते आपल्या मुलीने लिहिले, तर ते निदान आपली भाषा, आपल्या घरांतील बोलणे आणि न बोलणे जाणणाऱ्या हातून लिहिले जाईल. विद्यानिधीचा पैसा ज्यांनी दिला, त्यांनी तो शिक्षणासाठी दिला. स्तुतीसाठी दिला, असे दानपत्रात कोठेही नाही. मी ते वाचलेले आहे.

म्हणून दोन सूचना मांडतो. सभासदांच्या घरी जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका, मुंबईला पहिल्याने आलेल्यांची भाडेपावती असे जे काही असेल, ते दिवाळीपूर्वी कार्यालयात पाहण्यास द्यावे. नक्कल करून मूळ प्रत परत केली जाईल. दुसरी सूचना ठरावाच्या रूपाने आहे : विद्यानिधीच्या नियमांतील 'अर्थकरी विषयांसाठी' हे शब्द गाळावेत आणि गतवर्षी परत केलेला अर्ज नव्याने विचारात घ्यावा. ठराव मी मांडला आहे. अध्यक्ष महाराजांनी अनुमोदन मागावे, ही विनंती.