वाचन, नोंद आणि दक्षता : हिमोफिलिया आणि घरी द्यावयाचे इंजेक्शन



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण मला आले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा माळव्यातील मराठीवर बोलेन अशी चालकांची अपेक्षा असावी. आयुष्यभर मी तेच शिकवीत आलो. आज मात्र मी एका आजारावर आणि त्याच्या औषधावर बोलणार आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही; परंतु हे औषध सुरक्षितपणे वापरणे हा बऱ्याच अंशी वाचनाचा आणि लेखनाचा प्रश्न आहे, हे मला माझ्या घरात शिकावे लागले. वाचन-लेखनाचा प्रश्न शाळेत मांडावयाचा नाही, तर कोठे मांडावयाचा?

ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षे बसलो. पाठ वाचून झाला की ते पुस्तक मिटावयास सांगत आणि म्हणत, "आता हे तुझ्या शब्दांत सांग." ज्याला सांगता येत नसे, त्याला पाठ समजलेला नाही, असे ते धरीत. या सवयीचे मोल मला साठी ओलांडल्यानंतर कळले.

माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना दात काढल्यानंतरच्या रक्तस्रावाने गेला. घरात त्या मृत्यूला नाव नव्हते. "त्याचे रक्त थांबले नाही" एवढेच वाक्य पुढे चालत आले. पुढे माझ्या मुलीला मुलगा झाला. तो दहा महिन्यांचा असताना ताप आला म्हणून एका दवाखान्यात त्याच्या मांडीच्या स्नायूत इंजेक्शन दिले गेले, आणि दुसऱ्या दिवशी ती मांडी काळीनिळी होऊन दुप्पट सुजली. तपासण्या झाल्या आणि त्या जुन्या वाक्याला नाव मिळाले : हिमोफिलिया, 'ए' प्रकार, तीव्र स्वरूपाचा.

रक्त गोठण्याची क्रिया ही एक साखळी असते. तिच्यातील प्रथिनांना वैद्यकात 'फॅक्टर' म्हणतात व त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया 'ए', नववा कमी असेल तर 'बी'. सुमारे पाच हजार मुलग्यांच्या जन्मामागे एकास 'ए' प्रकार आढळतो. 'बी' त्याहून बराच विरळ. दोष आईकडून मुलाकडे येतो. परंतु सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी हा आजार नसतो. म्हणून कोणत्याही आईला दोष देण्याचे कारण नाही. फॅक्टरचे प्रमाण सामान्याच्या एक टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र समजतात. अशा मुलाचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहते, हा गैरसमज आहे. ते अधिक काळ वाहत राहते. खरी हानी बाहेरच्या जखमेने होत नाही, ती गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत होते. सांध्यात वारंवार रक्त साचले की सांधा झिजतो, आखडतो, आणि मूल कायमचे अधू होते.

उपाय तत्त्वतः साधा आहे : जो फॅक्टर नाही, तो शिरेतून द्यावयाचा. परंतु तेथवर पोहोचण्यास काळ लागला. पूर्वी रक्त किंवा प्लाझ्मा देत. त्यात फॅक्टर इतका विरळ असे की पुरेसा देता येत नसे. १९६४ साली अमेरिकेत ज्युडिथ ग्रॅहम पूल या संशोधिकेने दाखविले, की गोठविलेला प्लाझ्मा थंडच ठेवून सावकाश वितळविला तर जो साका उरतो, त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. पुढे फॅक्टरची कोरडी पूड कुपीत मिळू लागली आणि इंजेक्शन घरी देणे शक्य झाले.

या सोयीची एक दारुण बाजूही होती. एका खेपेच्या कुपींसाठी हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जाई. त्यातील एकाच्या रक्तातील विषाणू अनेकांपर्यंत पोहोचे. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात जगभर असंख्य हिमोफिलिया रुग्णांना औषधातूनच एड्सच्या विषाणूची लागण झाली. 'बी' प्रकाराला ज्याच्या आडनावावरून 'ख्रिसमस डिसीज' हे नाव १९५२ साली मिळाले, तो स्टीफन ख्रिसमस १९९३ साली त्याच रोगाने गेला. औषध उष्णतेने व रसायनांनी निर्जंतुक करण्याची पद्धती त्यानंतर रुळली. मानवी प्लाझ्मावर अवलंबून नसलेला फॅक्टरही १९९०च्या दशकात आला. आजचे औषध पुष्कळच सुरक्षित आहे. पण प्रत्येक कुपीचा बॅच नंबर नोंदवहीत लिहावा, हा नियम कशासाठी आहे, ते या इतिहासावरून ध्यानात यावे. एखाद्या खेपेत दोष आढळला, तर ती कोणाच्या शरीरात गेली हे त्या नोंदीवरूनच कळते.

आता घरातील अनुभवाकडे येतो. औषधाच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. रुग्णालयात आम्हा इंदूरकरांचे बोलणे हिंदीत. आणि रात्री दोन वाजता मुलाचा गुडघा तापून सुजू लागला की घरातील धावपळ मराठीत. मुलीने मला विचारले, "बाबा, हे 'रिकन्स्टिट्यूट' म्हणजे नक्की काय करायचे?" मी शब्दकोशाच्या आधारे 'पुनर्घटन' असे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे पुडीत पाणी घालून विरघळवायचे ना?" तिचे शब्द माझ्या शब्दाहून सरस होते. मग मी तो संपूर्ण कागद मराठीत उतरविण्याचे मनावर घेतले.

त्यात माझ्या हातून एक चूक झाली. मूळ सूचना अशी होती, की पाणी घातल्यावर कुपी अलगद गोल फिरवावी, जोराने हिसळू नये. मी लिहिले : "कुपी हलवावी." आपल्या भाषेत 'हलवणे' या एका क्रियापदात दोन्ही अर्थ मावतात, हे चाळीस वर्षे शिकविणाऱ्याच्या लक्षात आले नाही. मुलीने कुपी खोकल्याच्या औषधासारखी हलविली. आत फेसच फेस झाला. उपचार-केंद्रातील परिचारिकेला दूरध्वनी केला. तिने दुसरी कुपी तयार करावयास सांगितले. हजारो रुपयांचे औषध वाया गेले, आणि त्याहून मोलाचा वेळ गेला. मी वहीतील ते वाक्य खोडून लिहिले : "कुपी दोन तळव्यांत धरून सावकाश फिरवावी, खळखळवू नये." त्यानंतर प्रत्येक वाक्य मी मुलीला वाचून दाखवी, वही मिटी, आणि तिला म्हणे, "आता हे तुझ्या शब्दांत सांग." गुरुजींची पद्धत अशी कामास आली.

त्या वहीतील मुख्य गोष्टी येथे सांगतो. त्या सामान्य दिशा म्हणून घ्याव्यात. प्रत्येक औषधाचा कागद वेगळा असतो, आणि घरी इंजेक्शन देण्याची परवानगी केंद्रात रीतसर शिकल्यावरच मिळते.

औषध बहुधा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असते. ते फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. गोठलेले औषध निकामी होते. देण्यापूर्वी औषधाचे नाव, मुदत आणि युनिट हे तिन्ही मोठ्याने वाचावेत. पूड आणि पाणी खोलीच्या तापमानावर येऊ द्यावे. घाई म्हणून गरम पाण्यात धरून तापवू नये. हात साबणाने धुवावेत. रबरी बुचावर स्पिरिटचा बोळा फिरवून ते वाळू द्यावे. पाणी कुपीच्या कडेने सोडावे. द्रावणात कण किंवा गढूळपणा दिसला तर ते वापरू नये. तयार केलेले औषध पुन्हा फ्रीजमध्ये न ठेवता कागदावर लिहिलेल्या वेळेत, म्हणजे पुष्कळ औषधांच्या बाबतीत तीन तासांच्या आत, शिरेतून सावकाश द्यावे. त्यात दुसरे औषध मिसळू नये. सुई पुन्हा टोपणात घालू नये. ती न टोचणाऱ्या जाड डब्यात टाकावी, आणि डबा केंद्रात परत द्यावा.

मात्रा डॉक्टर ठरवितात, पण तिचा हिशेब आईवडिलांना समजला पाहिजे. आठव्या फॅक्टरचे प्रतिकिलो एक युनिट दिले की रक्तातील प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. वीस किलोच्या मुलाचे प्रमाण चाळीस टक्क्यांनी वाढवावयाचे असेल तर सुमारे ४०० युनिट लागतात. डोक्याला मार लागला असता ते शंभर टक्क्यांच्या आसपास न्यावयाचे, तर १,००० युनिट. मूल वाढते, वजन बदलते. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरील आकडा आज अपुरा ठरतो. शिवाय दिलेला फॅक्टर शरीरात टिकत नाही. आठ ते बारा तासांत निम्मा उरतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. म्हणून एका इंजेक्शनने सूज उतरली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दुसरे चुकवू नये.

कधी नेहमीची मात्रा देऊनही रक्त थांबत नाही. तेव्हा आपल्या मनाने मात्रा वाढवीत बसू नये. तीव्र 'ए' प्रकाराच्या सुमारे तीस टक्के रुग्णांत शरीर या औषधालाच परके मानून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, आणि हे बहुधा पहिल्या पन्नास दिवसांच्या औषधवापरात घडते. त्याची तपासणी असते व उपचारही वेगळे असतात. येथेही नोंदवहीच साक्ष देते : कधी, का, किती दिले आणि काय परिणाम झाला.

अलीकडे एमिसिझुमॅब नावाचे औषध आले आहे. अमेरिकेत त्यास २०१७ साली मान्यता मिळाली. ते 'ए' प्रकारासाठी, शिरेऐवजी त्वचेखाली, आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी देतात. लहान मुलांच्या नाजूक शिरा शोधण्याचे कष्ट त्याने वाचले, हा मोठाच दिलासा होय. परंतु ते रक्तस्राव होऊ नये म्हणून आहे. सुरू झालेला रक्तस्राव ते थांबवीत नाही. ते घेणाऱ्याला प्रतिद्रव्यांवरील काही विशिष्ट फॅक्टर-औषधे मोठ्या मात्रेत दिल्यास रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका संभवतो. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या काही तपासण्याही त्यामुळे फसव्या येतात. म्हणून आपण काय घेतो, हे लिहिलेले पत्र रुग्णाच्या खिशात असलेच पाहिजे.

आता शाळेसंबंधी. अमेरिकेत इंडियाना राज्यात रायन व्हाइट नावाचा हिमोफिलियाग्रस्त मुलगा होता. औषधातून त्याला एड्सची लागण झाली, आणि १९८५ साली त्याच्या शाळेने त्याला प्रवेश नाकारला. न्यायालयात झगडून तो शाळेत परतला. १९९० साली, अठराव्या वर्षी, तो वारला. त्याच्या बाकाशेजारी बसल्याने कोणालाही काही होणार नव्हते. अज्ञानाने दार लावले होते. आपल्याकडे दार एवढ्या उघडपणे लागत नाही. "उगीच जबाबदारी नको" असे मृदू शब्दांत सांगितले जाते. माझ्या नातवाला प्रवेश मिळण्यापूर्वी असे दोन ठिकाणी ऐकावे लागले. हिमोफिलिया संसर्गजन्य नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झालेला आहे. शिक्षणाचे दार उघडे ठेवणे ही आता केवळ दयेची बाब राहिलेली नाही.

शाळेकडून अपेक्षा थोडक्या आहेत. कार्यालयात त्या मुलाचा एक कागद असावा : आजाराचा प्रकार, औषध, वजन, केंद्राचा व पालकांचा दूरध्वनी. सांधा दुखतो असे मूल म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवावा. सूज दिसण्यापूर्वीच त्याला आतून जाणवते. त्याला बसवावे, अवयव उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, आणि पालकांना बोलवावे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी देऊ नये. स्नायूत इंजेक्शन देण्यास कोणी निघाले, तर आधी आजार सांगावा. डोके, मान, गळा किंवा पोट यांना मार लागला तर मूल हसतखेळत दिसले तरी थांबू नये. फॅक्टर आधी द्यावा आणि लगोलग रुग्णालय गाठावे. आणि मुलाला सगळ्या खेळांतून बाद करू नये. कबड्डी, मुष्टियुद्ध नको. पण पोहणे व चालणे यांनी स्नायू बळकट होतात आणि सांधे सावरतात.

माझा नातू आता अकरा वर्षांचा आहे. वहीतील नोंद तो स्वतः करतो : तारीख, वेळ, युनिट, बॅच नंबर, कारण. मागील महिन्यात 'कारण' या रकान्यात त्याने लिहिले होते : "जिन्यावरून उडी मारली. चूक माझी." मी त्याला म्हटले, "अरे, चूक कोणाची, हे येथे लिहावयाचे नसते." तो म्हणाला, "आजोबा, खरे कारण तेच आहे ना? डॉक्टर विचारतात." मी ती नोंद तशीच राहू दिली.

त्याच्या मामेआजोबाच्या वाट्याला एक वाक्य आले होते. याच्या वाट्याला भरलेल्या चार वह्या आल्या आहेत. या दोघांच्या आयुष्यांतील अंतर औषधाने जितके निर्माण केले, तितकेच नीट वाचण्याने आणि नीट लिहिण्याने. औषध शास्त्रज्ञांनी दिले. वाचणे आणि लिहिणे आम्हाला या शाळेने दिले, गुरुजींनी दिले. आपल्यापैकी कोणाच्या वर्गात असे मूल आले, तर त्याचा कागद वाचावा, मग तो मिटून आपल्या सहकाऱ्याला आपल्या शब्दांत सांगून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.