मुलकीचा दाखला

नोकरीच्या दारात ‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा सरकारी नोकरीला माणूस मुलकी असावा लागे. बाहेरून आलेला माणूसही मुलकी ठरू शके. पण १९१९ च्या फर्मानाप्रमाणे त्याला १५ वर्षे राज्यात राहून, मूळ गावी परतणार नाही असे शपथेवर सांगावे लागे.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुलकीचा दाखला गेला, पण प्रश्न राहिला. आजही महाराष्ट्रात कितीतरी सरकारी भरत्यांत अधिवासाचा दाखला मागतात, अन् त्यासाठी साधारण १५ वर्षांचेच वास्तव्य दाखवावे लागते.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले पोर बघा. वर्षातले पाच-सहा महिने ते फडावर असते. घर इथलेच, पण कागदावर ते दिसायचे कुठे? शाळेच्या रजिस्टरात! म्हणून गुरुजी, नाव, जन्मतारीख, जन्मगाव पारखून लिहा. आणि मायबापहो, तोडीला जाताना पोराचे नाव शाळेतून काढू नका. काढावेच लागले, तर दाखला पेटीत जपून ठेवा. पुढे नोकरीच्या वेळी पोराला तोच उपयोगी पडेल.