पाऊस तासांत मोजा



 वाशिष्ठी नदीच्या काठी, चिपळुणात ही पावसावरची परिषद पावसाळा टाळून ठेवली आहे, तीही जाणूनबुजून. जुलैत बोलावलं असतं तर तुमच्या मुक्कामाची हमी मी तरी दिली नसती.

पावसाचं आम्हाला नवल नाही. मोसमात तीन हजार मिलिमीटर झेलणारा हा मुलूख. बदलतो आहे तो पावसाचा पडण्याचा रिवाज. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोसमाची एकूण बेरीज घटली, पण मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यांना बाष्प पुरवतो अरबी समुद्र. आणि हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो ‘अत्यंत मुसळधार’. पण एवढाच पाऊस दिवसभर पडला तर कोकण तो पचवतं. चार तासांत, तोही खाडीला भरती असताना पडला, तर बाजारपेठ बुडते. खात्याच्या वहीत दोन्ही दिवस सारखेच! जागेचंही तसंच. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३.

चिपळूणही त्याच दिवसांत बुडालं होतं. पुढे २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी पुन्हा घराघरांत शिरली. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. १८६४ सालचं आमचं वाचनालयही दोन्ही वेळा पाण्यात गेलं. मात्र दोन पुरांवरून कल सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. आठवणींवर आमचा फार भरवसा. तिथे आम्हाला खुशाल खोडून काढा.

अभ्यासकांना विनंती एवढीच, की निष्कर्ष तासांच्या आणि भरतीच्या हिशेबात मांडा, आणि मराठीतही द्या. आणि कोकणवासीयांनो, तुमच्या शाळेत, बागेत, घरी पावसाच्या जुन्या नोंदवह्या असतील तर रद्दीत घालू नका. या दोन दिवसांत त्या इथे आणून दाखवा.