विश्वस्त आणि न्यासाचे कर्ज



मंदिराचे वा वसतिगृहाचे बांधकाम पैशाअभावी अडले, की एखादा विश्वस्त स्वतःची रक्कम व्याजाने देऊ करतो. हेतू शुद्धही असेल. परंतु कर्जाचा ठराव करणारा आणि त्याचे व्याज घेणारा एकच झाला, तर न्यासाचे हित पाहणार कोण? म्हणूनच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-अ नुसार असे कर्ज काढण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. न्यासाचा पैसा स्वतःसाठी उसना घेण्यासही तेच कलम विश्वस्तास मनाई करते.

सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ते दान होते, कर्ज नव्हे.

प्रत्येकास तेवढे शक्य नाही. तेव्हा रक्कम परत हवीच असेल, तर विश्वस्ताने ठरावाच्या वेळी बैठकीबाहेर राहावे, व्याज बँकेच्या दराहून अधिक घेऊ नये आणि ती रक्कम ताळेबंदात स्वतःच्या नावानिशी दाखवावी. अपरिग्रह प्रवचनाप्रमाणेच न्यासाच्या कीर्द-खतावणीतही दिसावा, एवढीच विनंती.