आगेराची लोंबी

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे मुंबई, ठाणे, वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांत आगेरा, नव्या पिकाचा सण. शेताला लॅटिनमध्ये ‘आगेर’ म्हणतात, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या. मिस्सेत फादर त्यांना आशीर्वाद देतात. मग एखादी लोंबी घरी येते, क्रुसाजवळ खोचली जाते. हातात घ्या, दाणा अजून ओलसर असतो, पातं बोटाला खरखरीत लागतं. मुंबईत अनेकांची शेतं कधीच इमारतींखाली गेली. तरी लोंबी येतेच, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. रविवार असल्यानं कामाची घाई नसते. दुपारी सगळे एकत्र बसतात; पहिल्या घासाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानतात, मग भात वाढला जातो.